पक्की कणगी

माहुली भात संघात प्रणयला मान होता, पण तो कॉम्प्युटर येतो म्हणून नव्हे. दोन हजार सात सालापर्यंत शहापुरात कॉम्प्युटर येणारी पोरं गल्लोगल्ली झाली होती आणि त्यातली निम्मी लग्नाच्या पत्रिका छापत बसली होती. प्रणयला मान होता, कारण त्यानं संघाला एसटीच्या कंडक्टरांच्या तावडीतून सोडवलं होतं.

त्याचं असं झालं होतं. संघाचं मुख्य ऑफिस शहापूरच्या बाजारपेठेत, आणि भात मोजून घेणारी केंद्रं किन्हवली, मुरबाड, टोकावडे अशी लांब लांब पसरलेली. प्रत्येक केंद्रात एक वजनकाटा, एक गोदाम आणि एक सर्व्हर. त्या सर्व्हरवर विंडोजच्या जागी लिनक्स होतं. संघानं ते फार विचार करून निवडलं होतं असं नाही. फुकट मिळतं म्हटल्यावर संचालक मंडळानं पुढचं ऐकूनच घेतलं नाही. पण फुकट असलं तरी त्याची डागडुजी करावी लागतेच. त्याचे नवे अपडेट सारखे येत राहायचे, आणि केंद्रांतल्या फोनच्या लाइनी इतक्या मंद, की प्रत्येक मशीननं आपापले अपडेट बाहेरून ओढायचे म्हटले असते तर दिवाळीचे अपडेट शिमग्याला पोचले असते.

म्हणून प्रणय शहापुरात सीड्या बनवायचा, वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि स्टँडवर जाऊन कंडक्टरांच्या विनवण्या करायचा. एखादा भला माणूस सीडी नीट पोचवायचा. एखादा तिला माळशेज घाट चढवून आळेफाट्यापर्यंत फिरवून आणायचा. टोकावड्याच्या काट्यावरचा दामू तर जुन्या सीड्या दोऱ्यात ओवून शेतात टांगायचा. त्या चमकल्या की पाखरं भातावर बसत नाहीत, असं त्याचं म्हणणं. संघाच्या सॉफ्टवेअरचा तेवढा एकच उपयोग गावाला पटलेला होता.

मग प्रणयनं ऑफिसातलं एक जुनं मशीन घेतलं, त्यात मोठी डिस्क बसवली आणि संघाची स्वतःची रिपॉझिटरी उभी केली. शहापुरात ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. हे मशीन बाहेरच्या जगातून अपडेट एकदाच ओढून घ्यायचं, त्यातलं आपल्या कामाचं तेवढं ठेवायचं, आणि केंद्रांतले सर्व्हर पहाटे लाइन मोकळी असताना फोन लावून फक्त त्याच्याकडूनच माल घ्यायचे. काट्याचा जो प्रोग्राम प्रणयनं स्वतः लिहिला होता, तोही त्यातूनच जायचा. प्रत्येक पॅकेजवर, म्हणजे पाठवायच्या प्रोग्रामच्या गठ्ठ्यावर, प्रणयची संगणकी सही असायची. ती नसली तर केंद्रातलं मशीन ते पॅकेज दारातूनच परत पाठवायचं.

व्यवस्थापक जयरामकाका म्हणजे प्रणयच्या वडिलांचे मावसभाऊ. त्यांना रिपॉझिटरी हा शब्द काही केल्या तोंडात बसेना. सगळं समजावून घेतल्यावर ते म्हणाले, म्हणजे ही आपली कणगीच की रे. घरचं भात एका जागी भरायचं आणि लागेल तसं ज्यानं त्यानं न्यायचं. तेव्हापासून संघात सगळे तिला कणगीच म्हणू लागले. प्रणयही म्हणू लागला.

या कणगीचे त्यानं दोन भाग केले होते. नवा माल आधी कच्च्या कणगीत पडायचा. तिथून तो फक्त मुरबाडच्या एका जादा मशीनवर जायचा, आणि तिथे आठवडाभर काही बिघडलं नाही तर मगच पक्क्या कणगीत. पक्क्या कणगीत पडलेलं सगळ्या केंद्रांत जाणार, हे ठरलेलं. नियम प्रणयचाच होता. कोणी घाई केली की तो त्याला हा नियम ऐकवायचा, आणि ऐकवताना त्याचा आवाज जरा मास्तरांसारखा व्हायचा. पुढे जे झालं ते त्यानं स्वतःच हा नियम मोडल्यामुळे झालं, आणि ते तेव्हा त्याच्याखेरीज कोणालाही कळलं नाही. हेच त्याच्या जिवाला लागून राहिलं.

त्या वर्षी नवरात्रात जयरामकाकांनी सांगितलं, की दसऱ्याला अध्यक्ष शेजारच्या तालुक्यांतल्या संघांचे लोक घेऊन येणार आहेत, त्यांना कणगी दाखवायची आहे, आणि हंगामाचा नवा प्रोग्राम तोवर सगळीकडे चालू झालेला पाहिजे. प्रोग्राम तयार होता, पण नुकताच तयार झाला होता. केंद्रात पोचला की तो शेतकऱ्यांच्या जुन्या नोंदी नव्या पद्धतीनं लिहून काढायचा. नीट करायचं तर आधी नवं पूर्ण लिहून मग जुनं पुसायला हवं होतं. पण तसं केलं तर जागा दुप्पट लागायची, आणि टोकावड्याची डिस्क भरत आलेली. म्हणून प्रणयनं जुनं पुसत पुसत नवं लिहायची सोय केली. मध्येच मशीन बंद पडलं तर धड जुनं नाही, धड नवं नाही. हे त्याला लिहितानाच दिसलं होतं. पण भारनियमनासाठी प्रत्येक केंद्रात इन्व्हर्टर होता. मध्ये मशीन बंद करायला जातंय कोण, असं तो स्वतःशीच म्हणाला, आणि अष्टमीला संध्याकाळी घरी निघताना त्यानं ते पॅकेज थेट पक्क्या कणगीत टाकलं.

मशीन बंद करायला जातंय कोण, याचं उत्तर त्याला ठाऊक असायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. ज्या हत्यारावर पोट चालतं ते त्या दिवशी धुऊनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं आणि त्याला विसावा द्यायचा. शहापूर, मुरबाडची मंडळी मशीनच्या डोक्यावर झेंडूची माळ टाकून भागवायची. टोकावड्यात तसलं चालत नव्हतं. तिथे मशीन बंद म्हणजे बंद. वायर काढायची, फडक्यानं पुसायचं, समोर नारळ फोडायचा, आणि दसऱ्याचा दिवस उजाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. प्रणयला हे नुसतं ऐकून माहीत नव्हतं. पहिल्या वर्षी तो स्वतः त्या पूजेला गेला होता, ओलं खोबरं आणि साखर खाऊन आला होता, आणि मशीनलासुद्धा सुट्टी हवी म्हणून सगळ्यांबरोबर हसला होता.

टोकावड्याचं मशीन रेश्मा सांभाळायची. तिथलीच मुलगी, बारावी झालेली, घरात पगाराची नोकरी करणारं पहिलंच माणूस. गणपती झाल्यापासून ती वाड्या-पाड्यांवर पायी फिरून नोंदणी करत होती. कोणी किती भात लावलंय, कोणतं लावलंय, केंद्रावर आणायचा कोणाचा नंबर कधी, हे सगळं ती विचारून यायची आणि मशीनमध्ये भरायची. हंगाम सुरू झाला की तिला कायम करायचं, असं जयरामकाकांनी तिच्या वडिलांना सांगून ठेवलं होतं.

खंडेनवमीच्या सकाळी प्रणय आपल्या घरच्या अंगणात नांगराचा फाळ घासत बसला होता. विळे, कोयता, पावडं धुऊन उन्हात ठेवलेले. आई आतून हाका मारत होती, की पाट मांडलाय, वडील खोळंबलेत. तेवढ्यात मोबाइल वाजला. हात मातीनं भरलेले म्हणून त्यानं तो खांदा आणि कानाच्या मध्ये धरला. रेश्मा बोलत होती. केंद्राचा फोन मशीननंच अडवून ठेवला होता, म्हणून ती समोरच्या तिच्या मामाच्या ढाब्यावरून, एक रुपयाच्या डब्यावरून बोलत होती.

"सर, मशीनवर कायतरी चालू हाय. रेघ हळूहळू पुढं सरकतेय," ती म्हणाली. "पूजेला सगळे थांबलेत. बंद करू का थांबू?"

टोकावड्याची लाइन सगळ्यांत मंद. इतरांकडे पहाटेच आटोपलेलं काम तिथे आत्ता कुठे सुरू झालं असणार, हे शांतपणे विचार केला असता तर त्याच्या लक्षात आलं असतं. पण आईनं आणखी एक हाक मारली.

"कर गं बंद," तो म्हणाला. "काय होत नाय."

दसऱ्याला सकाळी पाहुणे आले, त्यांनी कणगी पाहिली, किन्हवली आणि मुरबाडचं काम पाहून माना डोलावल्या. टोकावड्याच्या नोंदी फोनवरून मागवल्या तेव्हा मात्र पडद्यावर त्या नव्हत्याच. अर्धवट लिहिलेली काही नावं होती, तीही एकमेकांत घुसलेली. नोंदींची शेवटची राखीव सीडी गणपतीच्या आधीची. म्हणजे रेश्मानं पायी फिरून गोळा केलेलं होतं नव्हतं ते सगळं गेलं. अध्यक्षांनी पाहुण्यांसमोर विचारलं, हे कशानं झालं. टोकावड्याहून फोनवर उत्तर आलं, की काल पूजेसाठी मशीन बंद केलं होतं. त्यावर पाहुण्यांतलं कोणीतरी हसलं, आणि त्या हसण्यानं निकाल लागून गेला.

पाहुणे जेवायला बसले तेव्हा प्रणय कणगीसमोर बसला. त्यानं आपलं पॅकेज उघडलं, आधी नवं लिहून मग जुनं पुसायची सोय केली, आणि दुरुस्त पॅकेज जुन्याच नंबरानं जुन्याच जागी ठेवलं. त्यावर सही केली. आता कोणी तपासायला आलंच असतं तर त्याला तिथे एक शहाणंसुरतं पॅकेज दिसलं असतं. हे करताना आपण काय करतोय हे त्याला पुरतं कळत होतं. हात मात्र थांबले नाहीत.

दिवाळीच्या आधी जयरामकाकांनी रेश्माला शहापूरला बोलावलं. केबिनमध्ये दोन संचालक होते आणि प्रणय होता. तिनं इस्त्रीचा ड्रेस घातला होता आणि ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. मशीन तूच बंद केलंस का, असं काकांनी विचारलं. ती हो म्हणाली. कशासाठी, तर खंडेनवमीसाठी, दरवर्षी करतात म्हणून. संचालकांपैकी एकानं कपाळावर हात मारला.

"कोणाला विचारलं होतंस का गो?" काका म्हणाले.

तिनं प्रणयकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, विनवणीही नव्हती. वर्गात मास्तरांनी प्रश्न विचारला आणि उत्तर शेजारच्याला येतं हे माहीत असलं की आपण त्याच्याकडे जसं बघतो, तसं ती बघत होती. प्रणयनं मान खाली घालून टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर वाचलं. काकांनी ती गप्प आहे म्हणजे विचारलं नव्हतं असं धरलं, आणि प्रणयला विचारलं, की मशीन बंद केल्यानं असं होतं का रे.

"हो काका," तो म्हणाला. "काम चालू असताना बंद केलं की होतं."

यातला शब्दन् शब्द खरा होता. आणि एवढं खोटं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

रेश्माला काढून टाकलं. केंद्रात मशीनची पूजा करायची नाही, असा हुकूम निघाला. शहापुरात जो तो प्रणयचं सांत्वन करू लागला. बिचाऱ्यानं एवढी कणगी उभी केली आणि त्या पोरीनं तिला हळदकुंकू लावून वाटोळं केलं, असं चहावाल्यापासून संचालकांपर्यंत सगळे बोलायचे. प्रणयला घास गिळवेना. त्याची आई म्हणायची, याला कोणाची तरी दृष्ट लागली. तिनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि तो मुकाट्यानं तिच्यासमोर बसला. दृष्ट उतरवून घेताना त्याला शरम वाटली, कारण टोकावड्यात एका घरावर जे आलं होतं ते याच्या हातचं होतं आणि इथे मीठमोहऱ्या याच्यावरून उतरत होत्या.

भाताच्या कापण्या झाल्या आणि टोकावड्यात गोंधळ उडाला. कोणाचा नंबर कधी, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. जो तो पोती घेऊन एकदमच आला. प्रणयला जावंच लागलं. मुरबाडला एसटी बदलून तो टोकावड्याला उतरला तेव्हा केंद्रासमोर टेम्पो आणि बैलगाड्या उलटसुलट उभ्या होत्या आणि दामू काट्याजवळ घसा फोडत होता. रेश्माच्या जागी अजून कोणी आलं नव्हतं. दामूनं सांगितलं, की मशीन आता तोच सांभाळतो. वाचता येत नाही, पण हिरवा दिवा लागला की काटा चालतो एवढं त्याला रेश्मानं शिकवून ठेवलंय. पडद्यावर कधी काही वेगळंच आलं तर तो समोर जाऊन तिला बोलावून आणतो.

"येते ती?" प्रणयनं विचारलं.

"येते की. पीठ लागलेल्या हातानं येते, वाचून सांगते नि जाते." दामूनं काट्यावरचं पोतं सरळ केलं. "खुर्चीत बसत नाय मातुर. हुभ्यानंच वाचते."

दुपारपर्यंत प्रणयनं शेतकऱ्यांना एकेक करून विचारत नवे नंबर लावले. हे काम करताना त्याला कळत गेलं, की रेश्मानं काय काय केलं होतं. एक म्हातारा म्हणाला, ती पोरगी तर आमच्या पाड्यावर दोनदा आली होती, पहिल्यांदा मी रानात होतो म्हणून. दुसरा म्हणाला, तिनं सगळं लिहून घेतलं होतं, आता परत कशाला विचारता? प्रणयनं पुढचं नाव विचारलं.

मग तो रस्ता ओलांडून ढाब्यावर गेला. भूक नव्हती. पण आता गेलो नाही तर कधीच जाणार नाही, हे त्याला माहीत होतं. मामा गल्ल्यावर होता, त्याच्या शेजारी तो लाल फोनचा डबा. आत चुलीशी रेश्मा तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. तिनं सर म्हणून हाक मारली, बसायला सांगितलं आणि न विचारता ताट आणून ठेवलं. दुसरं कोणी गिऱ्हाईक नव्हतं. प्रणयनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"त्या दिवशी काकांनी विचारलं तेव्हा तू बोलली का नाहीस?" तो म्हणाला. "फोनचं."

रेश्मानं तव्यावरची भाकरी उलटली.

"मला वाटलं तुमी सांगाल," ती म्हणाली. "तुमचंच सांगणं होतं ना ते. म्हणून मी थांबले. तुमी बोलला असता तर मी नुसतं हो म्हटलं असतं." तिनं भाकरी निखाऱ्यावर टाकली, ती फुगली, तिनं ती काढून टोपलीत ठेवली. "तुमी नाय बोलला. मग घरी येताना मलाच वाटाय लागलं, मी फोन केलाच नसंल. येष्टीत सगळा येळ तेच. घरी येऊन मामाला इचारलं, तर मामा म्हनला, केलेलास की, माझ्यासमोर केलेलास. तवा जरा बरं वाटलं."

प्रणयला वाटलं होतं, ती रडेल, किंवा बोल लावेल. त्यासाठी त्यानं मनाची तयारी केली होती. पण आपण एका मुलीला तिच्या स्वतःच्या आठवणीवर शंका घ्यायला लावली, हे त्याच्या हिशेबात कुठेच नव्हतं. माझं चुकलं, एवढे दोन शब्द तो कसेबसे बोलला. ती म्हणाली, सर, जेवा, थंड होतंय.

तो तसाच शहापूरला परतला आणि थेट जयरामकाकांच्या केबिनमध्ये गेला. सगळं सांगितलं. कच्ची कणगी टाळल्याचं, पॅकेजातल्या खोटीचं, फोनचं, मागाहून पॅकेज बदलल्याचं. काकांनी उठून दार लावलं. हे आणखी कोणाला बोललायस का, हा त्यांचा पहिला प्रश्न. मग त्यांनी त्याला समजावलं. काका वाईट नव्हते, आणि म्हणूनच त्यांचं म्हणणं टाळायला अवघड होतं. त्यांचं म्हणणं असं, की अध्यक्षांनी चार संघांसमोर सांगितलंय की कणगी चोख आहे, चूक त्या पोरीची. आता उलटं सांगितलं तर कणगीवरचा विश्वास उडेल, परत कंडक्टरांच्या हातात सीड्या द्याव्या लागतील. रेश्माला पुढच्या वर्षी कुठेतरी लावून घेऊ.

"झालं ते झालं रे बाळा," काका म्हणाले. "तू मला सांगितलंस, तुझं ओझं उतरलं. आता गप रहा."

खोटं कशाला बोलायचं, क्षणभर प्रणयला बरं वाटलं. वडीलधाऱ्या माणसानं गप रहा म्हटल्यावर गप राहण्याचा दोषही त्याच्याकडे जातो. तो घरी गेला, त्या दिवशी पोटभर जेवला. आईला वाटलं मीठमोहऱ्या लागू पडल्या. पण हात धुताना त्याच्या मनात आलं, की रेश्मा अजून उभ्यानंच वाचतेय.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून त्यानं एक पॅकेज तयार केलं. इतकं लहान पॅकेज त्यानं कधी केलं नव्हतं. त्यात प्रोग्राम नव्हता, दुरुस्ती नव्हती. सकाळी काटा सुरू करायला गेलं की आधी पडद्यावर चार ओळी उमटायच्या, आणि कोणी बटण दाबेपर्यंत त्या तशाच राहायच्या, एवढंच त्याचं काम. त्यावर त्यानं सही केली. आणि यावेळी नियम पाळला. पॅकेज कच्च्या कणगीत टाकलं.

तो आठवडा त्याला फार जड गेला. रोज सकाळी वाटायचं, आज काढून टाकावं, कोणाला काय कळतंय. एकदा तर काढण्याचा हुकूम टाइप करूनसुद्धा झाला, नुसतं बटण दाबायचं राहिलं. अधेमध्ये तो मुरबाडला गेला आणि जादा मशीन चालू करून आपल्याच ओळी वाचत बसला. त्यात सुरुवातीला त्यानं, नोंदी काही तांत्रिक अडचणींमुळे गेल्या, असं लिहिलं होतं. मुरबाडच्या त्या कोंदट खोलीत ते वाचून त्याला स्वतःची किळस आली. परत येऊन त्यानं ते शब्द काढले. सुधारलेलं पॅकेजही कच्च्या कणगीत आठवडाभर राहिलं, आणि मग त्यानं ते पक्क्या कणगीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लवकर ऑफिसात येऊन बसला. शहापूरचंही मशीन कणगीतूनच घेत होतं, त्यामुळे त्याच्याही समोर त्याच ओळी होत्या.

खंडेनवमीला टोकावड्याचं मशीन बंद करण्याआधी रेश्मानं मला फोन करून विचारलं होतं. बंद कर, असं मी सांगितलं. मी पाठवलेल्या पॅकेजात खोट होती, आणि ते मी तपासल्याशिवाय पक्क्या कणगीत टाकलं होतं. नोंदी माझ्यामुळे गेल्या, तिच्यामुळे नाही. प्रणय, शहापूर.

आधी किन्हवलीनं पॅकेज घेतलं. मग मुरबाडनं. हिशेबनीस बाई आल्या, पडद्यासमोर उभ्या राहिल्या, पर्स खांद्यावरच ठेवून त्यांनी दोनदा वाचलं, आणि प्रणयकडे न बघता जयरामकाकांच्या केबिनमध्ये गेल्या. टोकावड्याची लाइन मंद. तिथे पोचायला ऊन वर यावं लागलं. आत काकांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि त्याच वेळी प्रणयचा मोबाइल वाजला. ढाब्याचा नंबर होता.

"सर, दामूकाका बोलवाय आलेले," रेश्मा म्हणाली. "हिरवा दिवा हाय पण काटा चालू व्हत नाय म्हणाले. मी जाऊन बघितलं." ती थांबली. मागून ट्रक गेल्याचा आवाज आला. "वाचलं मी. मनात वाचलं. लोक थांबलेत पोती घेऊन, काय लिवलंय म्हून इचारतात. बटण दाबून बंद करू का?"

"नको," प्रणय म्हणाला. "बंद नको करू. खुर्चीत बस, आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखव. मग बटण दाब."

पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता, चुलीशी बसणाऱ्या माणसाचा असतो तसा थोडा भरलेला. त्याला वाटलं ती फोन ठेवेल, पण तिनं ठेवला नाही, आणि त्यालाही ठेववेना. शेवटी डब्यातला रुपया संपला आणि लाइन आपोआप तुटली.

जयरामकाका त्याच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले होते. प्रणयनं मोबाइल बाजूला ठेवला, खुर्ची मागे सारली आणि तो उठून उभा राहिला.